साऱ्या गल्लीचा एकच पासवर्ड

विजयमाला धोटेला खुर्चीत बसून काम करताना सौसर गावात कोणी पाहिलं नसेल. वरदायी नेट या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात तिच्यासाठी फिरती खुर्ची आहे, खुर्चीवर उशीही आहे, पण तिथे बहुतेक वेळा तिची पर्स बसलेली असते. ती स्वतः फोन कानाला लावून काउंटरपासून दारापर्यंत आणि दारापासून काउंटरपर्यंत फिरत असते. “डब्यावरचा हिरवा दिवा दिसून राहिला का? लाल? मंग मागची वायर पाहा बरं, झाडू मारताना कोणी ओढली काय.” असं बोलता बोलता ती रस्त्यावर पोहोचते, समोरच्या चहावाल्याला हातानेच खूण करते आणि तक्रार मिटवून आत येते. चहा येतो तेव्हा ती दुसऱ्या फोनवर असते. गार चहाची तिला इतकी सवय झाली आहे की घरी नवऱ्याने वाफाळता कप हातात दिला तर ती तो खिडकीत ठेवते आणि विसरते. नवरा, नितीन, तहसीलमध्ये बाबू आहे. तो शांत माणूस. “तू झोपेतबी चालत असशील,” असं तो म्हणतो आणि कप उचलून आणतो.

ती मूळची बोरगावची. शाळेत असताना फळ्यावर रोजची बातमी लिहायचं काम तिच्याकडे होतं. गावात कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, कोणाची गाय हरवली, बाजारात संत्रं कसं गेलं, हे ती प्रार्थनेच्या आधी खडूने लिहायची, आणि पोरं प्रार्थना सोडून फळा वाचायची. लग्नानंतर सौसरला आली. तेव्हा वरदायी नेट नव्हतं, वरदायी केबल होतं. मालक श्रीकांत घाटोळे यांना फोन उचलायला बाई हवी होती. “सिरियल दिसून नाही राहिली” एवढीच तक्रार तेव्हा असे. पुढे जाड काळी केबल गेली, केसासारखी काचेची तार आली, टीव्हीच्या जागी इंटरनेट आलं. किती पोरं कामाला लागली आणि नागपूरला निघून गेली. विजयमाला राहिली. सगळ्यांची विजूताई झाली.

कंपनीच्या मासिक पत्रकाची कल्पना तिचीच. लोक राउटरला डबा म्हणतात, आणि त्या डब्याशी वागतातही डब्यासारखंच. एका घरी तो चोरीच्या भीतीने लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवलेला होता आणि बाहेर नेट येत नाही म्हणून बोंब होती. दुसऱ्या घरी त्याच्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर गणपती. तेच तेच फोनवर सांगून ती कंटाळली आणि श्रीकांतला म्हणाली, “भाऊ, महिन्याला एक कागद काढू. वरती घरच्या यंत्रांच्या गोष्टी, खाली गावच्या बातम्या. मोबाइलवरबी पाठवू, अन् थोडे छापूबी.”

“वाचतं कोण आजकाल?” श्रीकांत म्हणाला, पण नाही म्हणाला नाही.

वरदायी वार्ता निघायला लागली. डबा फ्रिजवर ठेवू नका. वीज कडाडायला लागली की प्लग काढा. बँकेतून बोलून राहिलो म्हणणाऱ्याला मोबाइलवर आलेला आकडा सांगू नका. आणि खाली, कोणत्या गल्लीत भंडारा आहे, कोणाच्या मुलीची नोकरी लागली, नळ कोणत्या दिवशी येणार नाही, शिवणाचे वर्ग कुठे सुरू झाले. किराणा दुकानदार तो कागद काचेला चिकटवायला लागले. बाया आपल्या बातम्या घेऊन ऑफिसात यायला लागल्या. पत्रकाखाली नाव मात्र ‘वरदायी नेट परिवार’ असं असायचं. विजयमालाला ते खटकायचं, पण तिने कधी बोलून दाखवलं नाही. नवीन अंक निघाला की दुकानाच्या काचेपाशी उभं राहून कोण थांबतं, कोण किती वाचतं, हे ती भाजी घेण्याच्या निमित्ताने पाहून यायची.

त्या महिन्यात तिने पासवर्डवर लिहायचं ठरवलं. कारणही तसंच होतं. लाइनमन गुणवंता नवं कनेक्शन जोडायचा तेव्हा पासवर्ड म्हणून त्या घरचा मोबाइल नंबर टाकून द्यायचा. सोपं काम. पण सौसरात कोणाचा नंबर कोणाला पाठ नाही? पोरं शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून शेजाऱ्यांच्या नेटवर खेळ खेळायची. मोठ्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. विरजण मागावं तसं लोक नेट मागत, आणि तसंच देत.

विजयमालाने काउंटरशी उभी राहून लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पासवर्ड कसा बदलायचा हे आजवर कोणत्याच कंपनीने आपल्या लोकांच्या बोलीत सांगितलं नव्हतं. मोबाइलवर काय उघडायचं, डब्याच्या पोटावर चिकटवलेला आकडा कुठे टाकायचा, मग नेटच्या नावाची आणि पासवर्डची अशा दोन चौकटी कुठे दिसतील. पायरी पायरीने, जसं ती फोनवर सांगायची तसं. शेवटी तिला वाटलं, नुसतं सांगून कोणाला समजणार नाही, उदाहरण द्यावं. तिने लिहिलं, “उदाहरणार्थ, नावाच्या जागी इंग्रजीत ‘वरदायी घर’ लिहा. पासवर्डच्या जागी ‘संत्रा’ आणि त्यापुढे आपला पिनकोड.”

पत्रक गेलं. आणि नवल असं, की फोन आले नाहीत. दरवेळी काही सांगितलं की “विजूताई, तुम्हीच येऊन करून द्या न” असे फोन यायचे. या वेळी उलट लोक रस्त्यात थांबवून सांगायला लागले, “मी स्वतः केलं, ताई. पोराले हातबी नाही लावू दिला.” तिच्या गल्लीतल्या देवकाबाईंनी तर चष्मा लावून, कागद भिंतीला टेकवून, स्वतः बदल केला होता. आयुष्यात कधी रिमोटच्या पुढे न गेलेल्या त्या. विजयमालाला आपण लिहिलेलं इतकं लागू पडलेलं पहिल्यांदाच दिसत होतं.

त्याच आठवड्यात पांढुर्ण्याहून प्रफुल्लभाऊंचा फोन आला. प्रफुल्लभाऊंचं जाळं मोठं. सौसरच्या वरदायीला लाइन त्यांच्याकडूनच येते. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथे नवी ऑफिसं, भाड्याची घरं, आणि त्यांच्यामागे मोठ्या कंपन्यांच्या गाड्याही आल्या होत्या. “ताई, हा तुमचा कागद माझ्या बायकोनं मले दाखवला,” ते म्हणाले. “आपल्याले पांढुर्ण्यातबी असाच पाहिजे. रंगीत छापू. तुमच्या नावानं छापू. सोमवारी या, बोलून घेऊ.”

तुमच्या नावानं. फोन ठेवल्यावर विजयमाला ऑफिसातून निघाली आणि बाजाराच्या टोकापर्यंत चालत गेली. काही घ्यायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी देवकाबाईंचा फोन आला.

“विजू, आमच्या टीव्हीतून हनुमानजी चालले गेले व.”

“चालले गेले म्हणजे, मावशी?”

“म्हणजे मोबाइलात जामसांवलीच्या हनुमानाची आरती चालू हाये. टीव्हीवर टाकायसाठी ते खालचं बटन दाबलं, जसं रोज दाबते. तं टीव्ही काळाच. अन् भिंतीपल्याडून आवाज येऊन राहिला. मास्तरच्या घरातून.”

ती काही म्हणणार तोच दुसऱ्या फोनवर रघुनाथराव. देवकाबाईंचे शेजारी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. “विजयमाला, मी बातम्या पाहत होतो. मधेच आरती सुरू झाली. आता आरती सुरू असताना माणूस बसून कसा राहील? उभा आहो केव्हाचा. बंद कशी करायची ते सांग. पण आत्ता नको, संपल्यावर सांग.”

गुणवंताच्या मोटरसायकलवर मागे बसून विजयमाला गल्लीत पोहोचली. गुणवंता तिच्याएवढ्याच वयाचा, केबलच्या दिवसांपासून शिडी खांद्यावर असलेला. त्याने मोबाइल काढून या ओट्यावर, त्या ओट्यावर, गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहिलं.

“ताई, एवढे डबे हायेत या गल्लीत,” तो परत येऊन म्हणाला, “अन् नाव एकच दिसून राहिलं. वरदायी घर.”

 विजयमालाला सगळं एकदम समजलं, आणि समजूनही तिने विचारलं, “मास्तर, नाव अन् पासवर्ड काय ठेवला तुम्ही?”

“तू लिहिला तोच,” रघुनाथराव म्हणाले. “उदाहरण दिलं की त्याप्रमाणे करायचं असते. जन्मभर पोट्ट्यायले हेच शिकवलं मी.”

“अन् मावशी, तुम्ही?”

“तोच न माय. एक अक्षर इकडं तिकडं नाही केलं,” देवकाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता.

साऱ्यांनी तोच ठेवला होता. नावही तेच, पासवर्डही तोच. आता मोबाइलला प्रत्येक घर आपलंच वाटत होतं. जिथला डबा जवळ, तिथे तो जाऊन चिकटायचा. देवकाबाई बसायच्या ती भिंत मास्तरांच्या डब्याला लागून, म्हणून त्यांचा मोबाइल मास्तरांच्या घरात शिरला आणि मास्तरांच्या टीव्हीवर आरती वाजली. ही तर आरती होती. चौकातल्या पोरांनी आदल्या संध्याकाळी हे शोधून काढलं होतं आणि कोणाच्या तरी टीव्हीवर लग्नातली गाणी लावून ती पळाली होती. दुकानांचे कॅमेरे, घरातले फोटो, सगळं आता एकाच किल्लीने उघडत होतं, आणि ती किल्ली किराणा दुकानाच्या काचेला चिकटवलेली होती.

“लोकं एवढं मन लावून वाचतीन असं वाटलं नव्हतं,” गुणवंता म्हणाला. तो टोमणा नव्हता, पण तिला टोचला.

श्रीकांतने ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. मग तो ऑफिसचं दार लोटून घेऊन म्हणाला, “ताई, असं करू. मेसेज टाकू की सिस्टीम सुधारून राहिलो, सगळ्यांनी पासवर्ड बदला. पत्रकाचं नाव काढायचं नाही.”

“पण चूक तं पत्रकाचीच आहे.”

“चूक लोकायची आहे. उदाहरण म्हणजे उदाहरण. आपण कायले अंगावर घ्यायची?” आणि मग आवाज खाली आणून, “अन् सोमवारी पांढुर्ण्यात हे बिलकुल नका काढू. प्रफुल्लभाऊ कागद पाहून खूश झाले म्हणून बोलावून राहिले. त्यायले हे समजलं तर तिथला कागद गेला, अन् इथलाबी बंद करा म्हणतील. लाइन त्यायची आहे.”

म्हणजे पत्रकच जाणार. विजयमालाला ते श्रीकांतने सांगायच्या आधीच कळलं होतं. मेसेज गेला. कोणी हललं नाही. लोक म्हणाले, “आत्ताच तर बदलला. विजूताईनं सांगितला तोच चांगला आहे.”

मग ती निघाली. रविवारचा दिवस, घराघरात. तिला वाटलं होतं बदल करणं अवघड जाईल. ते सोपं होतं. अवघड होतं ते लोकांना एक गुप्त शब्द सुचणं.

“गुप्त म्हणजे?” संत्र्याचा एक व्यापारी म्हणाला. “आमच्या घरात गुप्त काहीच नाही. तुम्हीच सांगा एखादा.”

“मी सांगितला तं गुप्त कसा राहील, भाऊ?”

“तुम्ही का बाहेरच्या हायेत?”

दुसऱ्या घरी सून विचार करून म्हणाली, मुलीचं नाव ठेवू. आणि ते बरोबर आहे का हे विचारायला तिने खिडकीतून शेजारणीला हाक मारली. शेजारणीने सुचवलं की नुसतं नाव नको, पुढे जन्मसाल टाक, आणि ते किती हे तिने स्वतःच ओरडून सांगितलं. तिसऱ्या घरी सगळं कुटुंब अंगणात गोळा झालं, आजोबांनी कुलदैवत सुचवलं, मुलाने क्रिकेटपटू, आणि मतदान झालं. विजयमाला “हळू बोला, हळू बोला” म्हणत राहिली. तिच्यासमोर तिचा सगळा गाव होता. एकमेकांच्या घरात दार न वाजवता शिरणारा, आजारी पडलं की भाजी पोहोचवणारा, आणि एक शब्द पोटात न ठेवू शकणारा.

संध्याकाळी तिने नवा मजकूर लिहायला घेतला. प्रत्येक वेळी हात उदाहरणापाशी येऊन थांबायचा. उदाहरण दिलं तर तेच ठेवतील. नाही दिलं तर समजणार नाही. तिने कागद फाडला, घरात फेऱ्या मारल्या, देवघर पुसलं, धुतलेली भांडी परत धुतली. नितीन म्हणाला, “उद्या जाऊ नको. तब्येत बरी नाही म्हण.”

“तब्येत बरी आहे माझी.”

“दिसून राहिलं ते.”

सोमवारी पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसायला जागा होती, तरी ती दाराजवळच्या दांडीला धरून उभी राहिली. कंडक्टरने दोनदा सांगितलं, “बाई, बसा न.” बाहेर कापूस वेचणीला आला होता, संत्र्याच्या गाड्या भरून उभ्या होत्या, आणि तिच्या डोक्यात दोन वाक्यं आळीपाळीने चालली होती. एक वाक्य श्रीकांतने पढवलेलं. दुसरं तिचं, अजून जुळत नव्हतं.

प्रफुल्लभाऊंचं ऑफिस मोठं, थंडगार. ते चाळिशीचे, हसऱ्या चेहऱ्याचे, बोलता बोलता मोबाइल टेबलावर गरगर फिरवणारे. टेबलावर वरदायी वार्ताचा अंक होता, आणि पासवर्डच्या टिपेभोवती लाल शाईने चौकट काढलेली होती. “ही टीप,” ते म्हणाले, “एकदम भारी. अशीच पाहिजे. पहिल्या अंकात हीच घेऊ.”

विजयमाला उभीच होती. “ही नका घेऊ, भाऊ,” ती म्हणाली.

“काऊन?”

मग तिने सांगून टाकलं. आरती, मास्तर, चौकातली पोरं, दुकानाच्या काचेवरची किल्ली. काही लपवलं नाही. सांगताना ती खिडकीपर्यंत जाऊन आली. संपल्यावर तिला वाटलं, आता हा माणूस कागद उचलून कचऱ्यात टाकील.

प्रफुल्लभाऊ हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे साऱ्या लोकांनी? जसंच्या तसं?”

“ज्यांनी बदलला त्यांनी, हाव.”

“ताई, तुम्हाले समजून नाही राहिलं तुम्ही काय केलं ते. मी इथं ऑफर पाठवतो, व्हिडिओ पाठवतो, लोकं उघडूनबी पाहत नाहीत. अन् तुमचा कागद वाचून म्हातारी बाई डब्याच्या आत हात घालून राहिली.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “पत्रक पक्कं. तुमच्या नावानं, तुमचा फोटोबी टाकू. फक्त एक काम करा. टिपांमध्येच एक ओळ घाला. लहान प्लॅनवर डबा लवकर गरम होते, खराब होते. मोठा घ्या.”

“तसं होत नाही, भाऊ.”

“मले माहीत आहे होत नाही म्हणून. पण तुम्ही लिहिलं तर?”

“तर लोक घेतील.”

“तेच तर म्हणून राहिलो मी.”

ते वाईट माणूस नव्हते. धंदा करत होते, आणि बाहेर मोठ्या कंपन्यांच्या गाड्या खरोखरच फिरत होत्या. विजयमालाने टेबलावरचा अंक पाहिला. कागद चांगला होता, इथला तर आणखी चांगला असेल, रंगीत, खाली नाव. तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं की क्षणभर ती ओळ कशी लिहिता येईल, खोटी न वाटता, हेही तिच्या मनात येऊन गेलं. आणि लगेच देवकाबाई डोळ्यांपुढे आल्या, चष्मा लावून, कागद भिंतीला टेकवून. एक अक्षर इकडं तिकडं नाही केलं.

“जाहिरात मागच्या पानावर छापा,” ती म्हणाली. “वरती मोठ्या अक्षरात जाहिरात लिहा. टिपांमध्ये नाही.”

“मागचं पान कोण वाचते, ताई?”

“मंग नका छापू.”

प्रफुल्लभाऊंचा मोबाइल फिरायचा थांबला. “विचार करून सांगतो,” ते म्हणाले. हसू तसंच होतं, पण ते आता तिच्यासाठी नव्हतं. चहा आला. तिने तो उभ्याउभ्याच, गरम असतानाच पिऊन टाकला. जीभ पोळली.

परतीच्या बसमध्ये जागा नव्हती, ते बरंच झालं. सौसरला ती बसमधून उतरली तोच श्रीकांतचा फोन आला. पांढुर्ण्याचं पत्रक प्रफुल्लभाऊ नागपूरच्या कोणा पोराकडून करून घेणार होते. “मी सांगितलं होतं न तुम्हाले,” श्रीकांत म्हणाला. रागापेक्षा त्याच्या बोलण्यात थकवा जास्त होता. “इथल्याबद्दल काही नाही म्हणाले ते. पण आता हा कागद काढायचा तर सांभाळून.”

“पुढच्या अंकात मी खरं लिहीन, भाऊ. उदाहरण माझं होतं, ते सगळ्यांनी ठेवलं, म्हणून घोळ झाला.”



“मंग खाली कंपनीचं नाव नको,” श्रीकांत म्हणाला. “तुमचं टाका.”

ती बसस्टँडवरच थांबली. लोक तिला धक्के देऊन पुढे जात होते. इतकी वर्षं तिला हवं असलेलं नाव असं मिळत होतं, स्वतःच्या चुकीखाली सही म्हणून. तिला हसू यावं असं होतं, पण ते आलं नाही. ती म्हणाली, “टाकते.”

नवा अंक तिने उभ्याने, एका दमात लिहिला. टिपा आणि बातम्या नंतर ठेवल्या, सगळ्यात वर तेच घेतलं. “मागच्या अंकात मी एक पासवर्ड उदाहरण म्हणून दिला. तो तुम्ही माझ्या भरवशावर जसाच्या तसा ठेवला. त्यामुळे आता तुमच्या घराची किल्ली साऱ्या गावाकडे आहे. ती चूक माझी आहे, तुमची नाही. या वेळी उदाहरण दिलेलं नाही. तुमच्या मनात जे आहे आणि जे दुसऱ्या कोणाच्या मनात नाही, ते ठेवा. मोठ्याने म्हणू नका. शेजाऱ्याला विचारू नका. मलाही सांगू नका.” खाली विजयमाला धोटे, बोरगावकर. माहेरचं गाव का लिहिलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

अंक मोबाइलवर गेला, दुकानांच्या काचांवर लागला. या वेळी ती काचेपाशी पाहायला गेली नाही. तिला तिथे उभ्या राहणाऱ्यांचे चेहरे पाहायचे नव्हते. फोन मात्र यायला लागले. कोणी चिडून, कोणी गंमत करून. एक बाई म्हणाली, “आम्हाले तं तोच आवडला होता, ताई, लक्षात राहायचा.” गुणवंता गल्लोगल्ली फिरत होता, आणि ती त्याच्यामागून, कारण ऑफिसात थांबणं तिला शक्य नव्हतं.

देवकाबाईंच्या ओट्यावर ती पोहोचली तेव्हा त्या नवा कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“वाचलं मी,” देवकाबाई म्हणाल्या. “स्वतःच्या हातानं आपलं नाव खाली लिहून कोणी असं लिहिते का व? झाकून घेतलं असतं लोकायनं.”

“तुम्ही वाचलं न, मावशी. मंग बदला आता.”

“बदलते. सुचला हाये मले एक.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पदर सावरला आणि हात हलवून विजयमालाला जवळ बोलावलं. “कान इकडं कर.”

“मलेबी नका सांगू.”

“तुलेबी नाही?” देवकाबाईंना ते लागलं. “तीर्थाले गेली तं घराची चावी तुह्यापाशी ठेवून जाते मी.”

“चावी ठेवा. हे नाही.”

“अन् मी विसरली तं?”

“तं डबा पुसून कोरा करू, अन् तुम्ही नवा ठेवजा.”

“अन् मेली तं?”

“तं तुमचं लेकरू येऊन पुसेल. त्याच्यासाठी मी कायले पाहिजे?”

देवकाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ही तीच विजू आहे का, असं पाहावं तसं. मग त्या ओट्यावर बसल्या जागीच वळल्या, तिच्याकडे पाठ केली, मोबाइलवर पदर ओढला आणि आत वाकून एक एक अक्षर दाबायला लागल्या. ओठ हलत होते. विजयमाला म्हणाली, “मोठ्यानं नाही, मावशी,” आणि ओठ मिटले. एकदा चुकीचं बटन दाबल्याचा आवाज आला. विजयमालाचा हात पुढे झाला. तिने तो मागे घेऊन पाठीशी धरला. देवकाबाई थांबल्या, पुटपुटल्या, परत पहिल्यापासून सुरू झाल्या. विजयमाला ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली, खाली उतरली, वर चढली.

“झालं,” देवकाबाई म्हणाल्या. मोबाइल त्यांनी छातीशी धरला होता, आणि चेहऱ्यावर असा भाव होता की साऱ्या गल्लीत आपल्यापाशीच काहीतरी आहे. “आता विचारशीन तरी सांगनार नाही.”

विजयमालाला विचारायचं फार होतं. तिने विचारलं नाही. चपला पायात सरकवून ती शेजारच्या दाराकडे वळली.